एका तारेपुरता ट्यूनर

ट्यूनर घ्यायचा म्हणतेस, तर जरूर घे. आमच्या पिढीतली काही मंडळी नाक मुरडतील, तंबोरा काय यंत्रावर लावायचा असतो, म्हणतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस. विंगेत शेजारी तबल्यावर हातोडी पडत असते, मागून माइकवाल्याचं 'चेक, चेक' चालू असतं, पडद्यापलीकडे सत्काराची भाषणं रंगलेली असतात, आणि त्या गलबल्यात तुला दहा मिनिटांत दोन तंबोरे लावून द्यायचे असतात. अशा वेळी कानाला आधार लागतोच. फक्त दुकानाची पायरी चढण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. हा ट्यूनर चार तारांसाठी घ्यायचा नाही, एका तारेसाठी घ्यायचा. पहिली जोड त्यावर लाव, मग तो बंद कर आणि बाकीच्या तिन्ही तारा कानाने लाव. कोणता घेऊ, किती पैसे घालू, या सगळ्याचं उत्तर यातूनच निघतं.

आम्ही काय करायचो? पेटीची काळी एक दाबून धरायची, पहिली जोड तिला मिळवायची, आणि पेटी बाजूला सारायची. ट्यूनर म्हणजे ती दाबून धरलेली पट्टी. त्याहून जास्त काम त्याला दिलंस की तंबोरा बिघडायला लागतो. का, ते सांगते.

बाजारातला कुठलाही साधा ट्यूनर पेटीसारखेच सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतो. एका भागाचे १०० सेंट, अख्ख्या सप्तकाचे १२००. त्याच्या हिशेबात षड्जापासून पंचम ७०० सेंटांवर. आपला पंचम तीनास दोन या प्रमाणातला, तो येतो ७०२ वर. दोन सेंटांनी काय बिघडतं, असं वाटेल तुला. काळी एकच्या तंबोऱ्यावर करून बघ. जोड १३८.६ हर्ट्झवर लाव आणि पंचमाची तार काट्याच्या अगदी मध्यावर, म्हणजे १०३.८ वर. आता दोन्ही तारा लागोपाठ छेड आणि डोळे मिटून ऐक. जोडीच्या तारेतून तिच्या तिप्पट कंपनांचा एक बारीक नाद निघतो, पंचमाच्या तारेतून चौपटीचा. दोघांची भेट ४१५ हर्ट्झच्या आसपास व्हायची असते. काट्यावरच्या पंचमात ती अर्ध्या हर्ट्झने हुकते, आणि म्हणून साधारण दर दोन सेकंदांनी आवाजात एक हेलकावा येतो. आता पंचम केसभर चढव. हेलकावा लांबतो, आणखी लांबतो, आणि एका जागी विरतो. तिथे पंचम लागला. ट्यूनरला हा हेलकावा कळत नाही, कारण तो एका वेळी एकच तार मोजतो.

खर्जाची गोष्ट तर याहून मजेची आहे. नवा ट्यूनर हाती आला की मुलं हौसेने खर्ज छेडून बघतात आणि घाबरतात. काळी एकचा खर्ज, म्हणजे पडद्यावर सी शार्प यायला हवा. येतो कधी जी शार्प, तर कधी चक्क एफ, आणि तोही १४ सेंट उतरलेला. यंत्र बिघडलं म्हणून परत करायला निघतात. यंत्र बिघडलेलं नसतं आणि तारही चुकलेली नसते. तो एफ म्हणजे खर्जातून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार. खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची, तिच्या पाचपट ३४६.५, पेटीचा एफ ३४९.२ वर, म्हणून काटा डावीकडे कलतो. जवारी जितकी सुरेख उघडलेली, तितका हा गंधार ठसठशीत आणि तितका ट्यूनर गोंधळलेला. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्या पाठीला शिवत शिवत हलते, आणि इतर वाद्यांत जे उपस्वर दबून राहतात ते इथे वर येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात याची चिकित्सा केली होती. त्यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर नऊ वर्षांनी, वेगळ्याच कामासाठी. तंबोरा ज्यामुळे तंबोरा वाटतो त्याच गुणाने यंत्र फसतं, एवढं कळलं की तू पडद्यावरचा एफ बघून खुंटी पिळणार नाहीस.

आता दुकानात चल.

पहिलं बघ, ट्यूनर क्रोमॅटिक आहे ना. नुसते गिटारचे किंवा युकुलेलेचे म्हणून विकतात ते त्यांच्या ठरावीक तारांचेच सूर ओळखतात, आणि गिटारच्या सहा मोकळ्या तारांत ना काळी एक आहे, ना काळी चार. एकाच ट्यूनरमध्ये गिटार, व्हायोलिन आणि क्रोमॅटिक असे पर्याय असले तरी चालेल, पण तंबोऱ्याला क्रोमॅटिकच ठेव, आणि चुकून बटण दाबलं जाऊन तो बदलला नाही ना, हे दर वेळी बघ. पडद्यावर इंग्रजी अक्षरं दिसणार. पांढरी एक म्हणजे सी, इथून मोजायला लाग: काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काही ट्यूनर सी शार्पच्या जागी डी फ्लॅट लिहितात. पट्टी तीच, गडबडू नकोस.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानदार ती आपणहून सांगत नाही. 'कॅलिब्रेशन' बदलता येतं का ते विचार. पांढरी सहा, म्हणजे ए, ४४० हर्ट्झला धरायची असं १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं, आणि जगभरचे ट्यूनर त्यावरच बेतलेले असतात. पण तुझ्या पेटीवाल्यांची पेटी त्या परिषदेला विचारून जुळवलेली नसते. कुणाची ४४२ वर, कुणाची जुनी पेटी ४३७ वर. तू तंबोरा ४४० च्या हिशेबाने चोख लावलास, शेजारी पेटी ४४२ ची आली, की पहिल्या आलापापासून गायकाच्या कपाळावर आठी दिसणार, आणि दोष तंबोऱ्यावर बसणार. म्हणून मैफिलीला पोचलीस की पेटीवाल्यांना नमस्कार करून सांग, "काका, जरा पांढरी सहा धरता का?" मधल्या सप्तकातली, एकच सूर, भाता एकसारखा. ट्यूनरचं कॅलिब्रेशन एकेक आकड्याने वरखाली कर, काटा मध्यावर आला की तो आकडा त्या संध्याकाळपुरता पक्का. तबलाही पेटीला मिळवलेला असतो, त्यामुळे सगळं घर एकाच सुरात येतं.

गायकांच्या बाबतीतही याचा उपयोग आहे. आवाज काही पट्ट्यांवर बसवून जन्माला येत नाही. एखाद्या बाईंना काळी चार जड जाते आणि पांढरी पाच उतरलेली वाटते, त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी त्यांचा षड्ज मोकळा लागतो. पेटीऐवजी सारंगी साथीला असेल, तर त्या खुशाल तिथेच गातात. अशा वेळी एवढं लक्षात ठेव की कॅलिब्रेशनचा एक हर्ट्झ म्हणजे जवळजवळ चार सेंट. ४४० चं ४४५ केलंस की सगळं वीस सेंटांनी चढलं. ज्या ट्यूनरला ४३० ते ४५० इतकी मोकळीक आहे त्यात दोन्ही बाजूंना चाळीसेक सेंट मिळतात, म्हणजे अर्ध्या पट्टीला थोडंसंच कमी. तेवढं पुरतं. बाईंचा षड्ज एकदा सापडला की पट्टी आणि आकडा दोन्ही वहीत लिहून ठेव: 'पांढरी पाच, ४४६'. पुढच्या खेपेला त्या हॉलवर पोचेपर्यंत तंबोरे तयार असतील. यामुळे तुझ्यावरचा विश्वास किती वाढतो, ते अनुभवच घे.

ट्यूनर क्लिपचाच घे. माइकवर ऐकणारा ट्यूनर विंगेतला सगळा गोंगाट ऐकतो, शेजारचा डग्गासुद्धा. क्लिपवाला लाकडातून येणारा कंप घेतो, हवेतला आवाज त्याला फारसा लागत नाही. अडचण एवढीच, की ही क्लिप गिटारच्या डोक्यासाठी बनवलेली असते आणि तंबोऱ्याची दांडी तिच्या जबड्यात मावत नाही. दांडीला लावायच्या भानगडीत पडू नकोस, खुंटीला लाव. समोरच्या दोन खुंट्यांपैकी जी पिळायची नाही ती निवड, नाहीतर सूर चढवताना क्लिप हाताला अडते. जबडा उघडून दुकानातच बघ: खुंटीच्या गोल मुठीवर घट्ट बसतो की घसरतो? आतलं रबर जाड आहे ना? पडदा सगळ्या बाजूंनी फिरतो ना? तंबोरा मांडीवर उभा असताना ट्यूनर तुझ्या डोक्याच्याही वर जाणार आहे, तिथून आकडा दिसला पाहिजे. अंधारात उजळणारा पडदा हवा. काम झालं की क्लिप काढून ठेव. रात्रभर तशीच राहिली तर रबराचा डाग लाखेच्या पॉलिशवर बसतो.

शक्य असेल तर खरेदीआधी एकदा तंबोऱ्यावर लावूनच बघ. गिटारच्या दुकानात तंबोरा कुठला असायला? पण मिरजेला जवारी काढायला जाशीलच, तेव्हा कुणाचा तरी ट्यूनर मागून घेऊन जा आणि तिथल्या दोन-चार वाद्यांवर पारखून घे. सतारमेकर गल्लीत बसलं की कानाचं शिक्षणही होतं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून चालत आलेली ती कला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर घोडीवर कानशीच्या एका फटकाऱ्यानंतर तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस घेतो. त्याच्या हाताशी एकही पडदा नसतो, आणि जवारी किती उघडली ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याच्याजवळ तासभर गप्प बसून राहा.

फोनवरचे ट्यूनर फुकट असतात आणि त्यांतले काही फार चांगलेही आहेत. घरी रियाझाला वापर. पण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालच्या सुरांत तो कमी पडतो, आणि पुरुषी पट्टीच्या खर्जाला तर तो हमखास उपस्वरच धरतो. कार्यक्रमात फोन वापरायची वेळ आलीच तर आधी विमानातला मोड लाव. तंबोऱ्यामागे ठेवलेला फोन मारव्याच्या आलापात वाजला, तर तो सूर श्रोते तुझ्या नावावर लक्षात ठेवतील.

स्ट्रोबचा ट्यूनर घेऊ का, असंही तू विचारलंस. त्यात काट्याऐवजी पट्टे सरकतात, सूर चढा असेल तर एका बाजूला, उतरला असेल तर दुसऱ्या. पट्टे थांबले की सूर लागला. सेंटच्या दहाव्या भागापर्यंत तो मोजतो. तंतुवाद्य बनवणाऱ्याला, पेटीचे सूर घासणाऱ्याला तो सोन्यासारखा आहे. तुला आत्ता नको. तार छेडल्याक्षणी सूर किंचित चढा असतो आणि मग खाली येऊन बसतो. तंबोऱ्याची तार तर घोडीवर शिवत असल्यामुळे आणखीच हलती. स्ट्रोबचे पट्टे तंबोऱ्यावर पुरते थांबतच नाहीत, आणि तू खुंटीशी झगडत बसशील. एक सेंटपर्यंत नेमका असलेला साधा क्लिपचा ट्यूनर पुरे. हजार-दीड हजारात चांगला मिळतो. उरलेल्या पैशांत तारांचे दोन जादा संच घे, त्यांची गरज जास्त पडेल.

युरोपात हर्डी-गर्डी नावाचं वाद्य आहे. राळ लावलेलं लाकडी चाक मुठीने फिरवायचं, ते तारांना घासत राहतं, आणि गाण्याच्या तारेखाली एकाच सुरात भरणाऱ्या तारा अखंड चालू राहतात. त्यांतल्या एकीखाली एक सैल घोडी असते, चाकाला झटका दिला की ती थरथरून गुंजते. त्या वाजवणाऱ्यांनाही ट्यूनर निवडताना हाच पेच पडतो: उपस्वरांची गर्दी, सूर धरू न शकणारा काटा, आणि एका वेळी एकच तार चाकाला लागू देऊन बाकीच्या उचलून ठेवण्याची धडपड. चाकाला लागते तिथे तेही तारेवर कापूस गुंडाळतात, आपण घोडीवर सुताचा जीव सरकवतो. भरणारा सूर ज्यांच्या वाद्याचा पाया आहे त्या सगळ्यांना काटा कुठेतरी अपुरा पडतो, हे मला त्या वाद्याकडे बघून फार पटलं.

आता लावायचा क्रम. तंबोरा गवसणीतून काढून पंधरा-वीस मिनिटं स्टेजवर, जिथे वाजणार तिथेच राहू दे. सगळे मणी मध्यावर आण, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा राहील. डाव्या हाताने बाकीच्या तारा दाबून धर, नाहीतर त्या आपोआप गुंजायला लागतात आणि ट्यूनर त्यांचंही ऐकतो. पहिली जोड छेड, अगदी गाण्यात छेडशील तितक्याच हलक्या बोटाने. जोरात छेडलीस तर काटा चढा दाखवेल आणि तू तार उतरवून बसशील. छेडल्यावर एक श्वास थांब, काटा स्थिरावला की मग वाच. सूर नेहमी खालून वर आण. चढला असेल तर खुंटी सोडून पुरता उतरव आणि पुन्हा वर ये, म्हणजे तार जागच्या जागी राहते. शेवटचा कस मण्याचा: खाली लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे ओढला की उतरतो. मग जीव हळूहळू सरकवून जवारी उघड. जीव हलला की सूरही थोडा हलतो, तेव्हा काटा एकदा पुन्हा बघ. आता ट्यूनर बंद.

दुसरी जोड पहिलीला मिळव. दोन्ही एकच तार वाटेपर्यंत. मग खर्ज, मग पंचम सगळ्यात शेवटी. इथे घाई करू नकोस.

तरीही एखाद्या जत्रेच्या मंडपात असा गोंगाट असतो की हेलकावा ऐकूच येत नाही. तेव्हा काटा वापर, पण मध्यावर आणू नकोस. पंचम मध्यापासून दोन सेंट वर ठेव. मालकंसासाठी मध्यम लावायचा असेल तर दोन सेंट खाली. मारवा, पुरिया, सोहनीला पहिली तार शुद्ध निषादावर घेतात. तिथे फरक मोठा आहे, काटा मध्यापासून बारा सेंट खाली दिसला पाहिजे. पेटीचा निषाद तंबोऱ्यावर लावलास तर खर्जाच्या गंधाराशी तो भांडत राहील, आणि मारव्यात लपायला पंचमही नसतो. गोंगाट ओसरला की कानाने पुन्हा तपास.

या बारा सेंटांचा वाद आपल्याकडे जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, त्यांच्याबरोबर अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीश होते, आणि प्रत्यक्ष गळ्यातून सूर दाखवायला अब्दुल करीम खाँसाहेब. नेमकी श्रुती देणारी पेटी बनवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. बावीस श्रुतींचे त्यांचे आकडे सगळ्यांना पटले नाहीत, आजही पटत नाहीत. पण पेटीचे बारा सूर आणि तंबोऱ्याचे सूर एक नाहीत, हे त्यांनी मोजून मांडलं, आणि मोजायला त्यांच्याकडे बॅटरीचं काही नव्हतं. कधी सवड मिळाली की खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण लाव आणि फक्त मागचा तंबोरा ऐक.

मैफल सुरू झाल्यावर ट्यूनर खिशात राहू दे. तारा हलणारच. दिव्यांच्या उष्णतेने त्या सैलावतात आणि सूर उतरतो. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्वसारख्या उघड्या मंडपात रात्र चढली की उलटं, गारठ्याने तारा आकसतात आणि चढतात. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, मग एसी लागला की खुंट्या ढिल्या. घसरणाऱ्या खुंटीला थोडा खडू लाव. राग संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात, गायकाकडे बघून, मण्याने हळूच दुरुस्त कर, खुंटीला हात लागायची वेळ येऊ नये. आणि गायक स्वतः वळून तार मिळवायला लागला तर हात मागे घे. त्याचा षड्ज तासाभरात थोडा चढलेला असतो, आणि त्या वेळी खरा षड्ज तोच. ट्यूनर काढून त्याला दाखवू नकोस.

ट्यूनरमध्ये बहुतेक बटणासारखा चपटा सेल असतो, २०३२ नंबरचा. गवसणीच्या खिशात दोन जादा ठेव, तारांच्या पुडीसोबत. पडदा फिका दिसायला लागला की सेल लगेच बदल. आणि महिनाभर कार्यक्रम नसला तर सेल काढून ठेव, आतून पाझरला की ट्यूनर कामातून जातो.